गाडी आली की उदगीरला

२६ ऑक्टोबर, रविवार

गाडी आली.

डॉक्टरांनी सांगितलंय, डोक्यात जे घोळतं ते वहीत उतरवा, बीपी ताब्यात राहील. म्हणून आजपासून लिहितो. गाडीच्या दिवसापासून सुरुवात झाली हे बरं झालं. त्याआधीचं लिहून ठेवण्यासारखं फार नव्हतं.

गाडी परदेशी आहे. काळी. अंगणात पूर्ण मावत नाही, मागचा भाग गल्लीत राहतो. त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्यालाही पाहता येते. मूळ मालक कोल्हापूरकडचे डॉक्टर होते. पुरात गाडी टपापर्यंत बुडाली, विमा कंपनीने भंगारात काढली, आणि आपल्या कुरुळी फाट्यावरच्या कोंडीरामने ती आणून पुन्हा उभी केली. कोंडीराम आजवर टेम्पो आणि तीनचाकी दुरुस्त करायचा. ही त्याची पहिलीच मोठी गाडी. दरवाजे एका गाडीचे आहेत, बॉनेट दुसरीचं, आणि डोकं, म्हणजे आतला कॉम्प्युटर, तिसरीचं. तो म्हणाला, तात्या, ही एक गाडी समजू नका, तीन हायत. मला व्यवहार पटला.

रंग तीन प्रकारचा काळा आहे, पण ते उन्हात गेल्यावरच कळतं. जास्त उन्हात काढणार नाही.

डॅशबोर्डवरच्या टीव्हीतून एक बाई बोलते. भाषा कुठली ते कोंडीरामलाही माहीत नाही. भाषा सेटिंगमध्ये जाऊन बदलता येते म्हणाला, पण सेटिंगही त्याच भाषेत आहे. आवाज गोड आहे. असू दे.

शालनने गाडीला ओवाळलं. म्हणाली, छान आहे, पण बसताना फार खाली वाकावं लागतं. तिला सवय नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार

उदगीरहून इंदुताईचा फोन. इंदुताई म्हणजे शालनची थोरली बहीण. तिचे मालक एसटी डेपोत मेकॅनिक होते, बदली होऊन तिकडे गेले आणि तिथलेच झाले. २३ नोव्हेंबरला रविवारी तिची पंचाहत्तरी आहे. मुलं गूळतुला करणार आहेत. तराजूच्या एका पारड्यात इंदुताई, दुसऱ्यात गुळाच्या ढेपी, आणि मग तो गूळ गल्लीभर वाटायचा. शालन, तू आलीस तरच मी पारड्यात बसीन, असं म्हणून इंदुताई फोनवर रडली. शालनने फोन माझ्याकडे दिला. मी सांगितलं, काळजी करू नका, आम्ही स्वतःच्या गाडीने येतोय.

फोन ठेवल्यावर शालन म्हणाली, मी आठवडाभर आधी एसटीने जाते, कामाला हात होतील, तुम्ही मागनं गाडी घेऊन या. मी नाही म्हणालो. दारात अशी गाडी असताना घरची बाई एसटीत चढली तर समोरचा जयसिंग काय म्हणेल? जयसिंग भावकीतला आहे. त्याच्याकडे पांढरी एसयूव्ही आहे आणि त्याची नजर वाईट आहे. मागे त्याने आमच्या म्हशीला गुणाची हाय म्हटलं, तिने त्याच आठवड्यात दूध आटवलं.

दोघी बहिणींची शेवटची भेट इंदुताईच्या मालकांच्या दहाव्याला झाली. त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हाच मी शालनला शब्द दिला होता की आपली गाडी आली की उदगीरला जाऊ. शब्दाचा मी पक्का आहे. गाडीच आली नव्हती. जुनी जीप होती, पण ती उदगीरला नेण्यासारखी नव्हती. पुढे आमच्या मुलाने, रणजीतने, बस घेतल्या, पण त्या कंपन्यांच्या शिफ्टला लागतात. मग माझा गुडघा दुखायला लागला.

आता सगळं जुळून आलंय.

१ नोव्हेंबर, शनिवार

आज गाडीला लिंबू-मिरची बांधली. एक लिंबू, सात मिरच्या, खाली बिब्बा. बाजारातली बारकी माळ घेतली नाही. गाडीच्या मानाने लिंबू हवं म्हणून मोठं निवडून घेतलं.

बांधायची जागा शोधताना वेळ गेला. हल्लीच्या गाड्यांना पुढे धड बंपर नसतो. शेवटी नाकाच्या बरोबर मध्ये एक काळी चकचकीत गोल चकती सापडली. तिच्या वरच्या जाळीला दोरा अडकवला. लिंबू चकतीवर अगदी नेमकं बसलं, जणू त्याच्यासाठीच जागा ठेवली होती. कोंडीरामला विचारलं ती चकती कशाची. म्हणाला, शोभेची असणार, पण काढायला गेलो तर टीव्हीवर लाल दिवे लागले, म्हणून ठेवली.

शालन म्हणाली, ती चकती डोळ्यासारखी दिसतीय, माळ जरा बाजूला बांधा. मी सांगितलं की रक्षणाची वस्तू मधोमध असते. यावर तिने, माणसाच्या डोळ्यापुढं कुणी लिंबू धरलं तर माणूस तरी चालेल का, असं काहीतरी विचारलं. तिला गाड्यांतलं कळत नाही. राग धरला नाही.

नियम केला: दर शनिवारी जुनी माळ काढायची, नवी बांधायची. खंड पडू द्यायचा नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

पहिली ट्रायल. कुरुळी ते चाकण चौक आणि परत. सकाळी निघालो, जेवायला घरी आलो. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, डाव्या हाताला शिफ्ट सुटलेल्या मोटरसायकली. गाडीने एकदाही कुरकुर केली नाही. पहिल्या गिअरच्या पुढे जायचं कामच पडलं नाही, असं म्हणणार होतो, पण हिला गिअर नाहीत. बाई एकदा दोनदा हळू आवाजात बोलली. मी हं म्हणालो.

कोंडीरामला सांगितलं, लांबच्या प्रवासाला गाडी तयार आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

दुसरी ट्रायल. देहूला देवाच्या पायाशी गाडी नेली. मोशीच्या बाजूने गेलो, रस्त्यात सगळीकडे कामं चालू, सायकलवाले पुढे जात होते. म्हणजे गाडीची सहनशक्ती चांगली तपासून झाली. इंद्रायणीचं पाणी आणून बॉनेटवर शिंपडलं. पाण्याला फेस होता. वाळल्यावर पांढरे ठिपके राहिले. आता रंग चार झाले.

घरी आलो तर जयसिंग ओट्यावर. गाडीकडे बघत राहिला. काही बोलला नाही. न बोलणं जास्त वाईट.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

रणजीत जेवताना बसून बोलला. म्हणाला, दादा, तुम्ही शहात्तर वर्षांचे, गाडी पाण्यात बुडालेली, रस्ता चारशे किलोमीटरचा. माझा ड्रायव्हर देतो, माझी बस देतो, नाहीतर आईला एसटीने जाऊ द्या. मी म्हणालो, मी जीप चालवत होतो तेव्हा तू पाळण्यात होतास. तो म्हणाला, तेव्हा रस्त्यात बैल होते, ते स्वतःहून बाजूला व्हायचे.

बरंच झालं. शेवटी अट ठरली. उदगीरला जाऊन गाडी धड परत आली तर मला पुन्हा कुणी काही विचारायचं नाही. मध्ये कुठे अडकली तर किल्ली रणजीतकडे, कायमची. मी लगेच हो म्हणालो.

शालन ताटं उचलत होती. म्हणाली, तुमची अट तुमच्याजवळ, मला फक्त रविवारी तिथं पोचवा.

एवढ्या सोप्या गोष्टीची मला भीती वाटत नाही. आज झोपेची गोळी अर्धी जास्त घेतली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सामान भरायला सुरुवात. शालनने इंदुताईसाठी इंद्रायणी तांदळाचं पोतं काढलं. उदगीरला ज्वारी मिळते, असा वासाचा तांदूळ मिळत नाही म्हणते. तिने तो स्वतः निवडला, चार दुपारी बसून. पोतं डिकीत ठेवलं तशी गाडी मागून बसली. पुढून नाक वर. कोंडीराम म्हणाला, हिच्या खाली हवेचे फुगे असतात, त्यातला एक बहुतेक दमलाय. मी म्हणालो, मग दिवा लांबवर पडेल.

सोबत घेतलं: बीपीच्या गोळ्या, पाण्याचे कॅन, दोरखंड, लिंबं डझनभर, मिरच्या, बिब्बे, काळी बाहुली एक. शालनने डबा आणि एक हातपिशवी.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

उद्या निघायचं होतं. कॅलेंडर पाहिलं, उद्यापासून अमावस्या लागते, ती परवा दुपारपर्यंत आहे. अमावस्येला नवी गाडी सीमेबाहेर काढणारा मी नाही. शुक्रवारी पहाटे निघून संध्याकाळी उदगीर. शनिवार हातात राहतो.

शालन म्हणाली, एसटी अमावस्येलाही सुटते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पहाटे साडेपाच. जयसिंग उठायच्या आत निघायचं ठरवलं होतं. तो दात घासत दारातच उभा. गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, लई देखणी गाडी हाय, तात्या.

झालं. आता जे होईल त्याला मी जबाबदार नाही.

दहा वाजता. चाकणच्या थोडं पुढे. शिक्रापूरच्या रस्त्याला कंटेनरची रांग. गाडी उत्तम. उभी राहिली की फारच उत्तम, आवाजसुद्धा येत नाही.

साडेबारा. शिक्रापूर. डब्यातले धपाटे संपले. शालन म्हणाली, एवढ्यात एसटी भिगवणच्या पुढं गेली असती. दोष रस्त्याचा आहे, गाडीचा नाही.

सव्वा एक. शिक्रापूर मागे पडलं. रस्ता मोकळा. गाडी घेतल्यापासून पहिल्यांदा पाय दाबला. गाडी अशी उठली की शालनने चष्मा धरला. पुढून टप टप असा आवाज यायला लागला. आणि एकदम बाई ओरडली, टीव्ही लाल झाला, आणि गाडी जागच्या जागी उभी. मी ब्रेकला पाय लावला नव्हता. शपथेवर सांगतो. मागून टेम्पो येत होता. टेम्पोवाला उतरून जे बोलला ते वहीत लिहिण्यासारखं नाही.

पावणेदोन. पुन्हा तसंच. हळू चाललं की बरी चालते. वेग घेतला की टप टप, मग बाई, मग थांबली.

अडीच. पाचव्यांदा. कारण कळलं. पहाटेचं. जयसिंग. गाडी बाजूला घेऊन आणखी एक माळ बांधली, पहिल्या माळेच्या वर. कोंडीरामला फोन केला, तो म्हणाला, गाडी बंद करून चालू करा. केली. तेवढ्याने चालू होतंय तर हा मेकॅनिक कशाला?

साडेतीन. दोन माळांनी काही होईना. तिसरी बांधली आणि काळी बाहुली लावली. आता बैलगाडीच्या वेगालाही थांबते. नजर भयंकर असणार. एवढं बांधूनही ऐकत नाही म्हणजे बांधलं नसतं तर काय झालं असतं, या विचाराने घाम आला.

संध्याकाळी सात. चौफुला. सोलापूर रोडला लागलो. उदगीर अजून बरंच लांब. लॉजवर खोली घेतली. जेवताना शालन म्हणाली, ती लिंबं काढून एकदा चालवून बघा. मी म्हणालो, लढाईत कुणी ढाल टाकतं का. ती म्हणाली, ढाल तोंडावर बांधून पण कुणी लढत न्हाई.

दिवसभर दगदग झाल्याने चिडचिड होते बायकांची. समजून घेतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी नऊ. शालनला एसटीने पुढे पाठवलं. निर्णय माझाच. ती हातपिशवी घेऊन स्टँडकडे चालायला लागली होती, तेव्हा मी म्हणालो, जा. ती म्हणाली, तुम्हीपण चला, गाडी हितं राहू दे, रणजीत बघंल. मी कसा जाणार? गाडी कुणाच्या भरवशावर टाकायची? पुणे-उदगीर गाडी आली. कंडक्टरने तिला हात देऊन चढवलं. चढण्यापूर्वी तिने माझ्या खिशात माझं आधार कार्ड ठेवलं. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट असते, लागलं तर असू द्या, म्हणाली. माझ्या कपाटातून तिने ते कधी काढलं?

मला लागणार नाही. उलट मीच तिच्या आधी पोचून स्टँडवर उभा राहणार.

साडेनऊ. वाईट शकुन. लॉजवाल्याच्या शेळीने पुढच्या माळा खाल्ल्या. लिंबं, मिरच्या, सगळं. बिब्बे थुंकले. बाहुलीचा एक पाय गेला, बाकीची जाळीतून निघून खाली पडली. मी चहा पीत होतो. शेळी नंतर पाण्याच्या टाकीपाशी तोंड उघडं ठेवून उभी होती. डोळे लाल. लॉजवाला माझ्यावरच ओरडला.

बदलायला दुसऱ्या माळा तयार केल्या नव्हत्या, म्हणून तसाच निघालो. रामराम म्हणत.

अकरा. भिगवणच्या पुढे, हॉटेलवर. गाडी थांबली नाही. एकदाही नाही. टप टप नाही, बाई एक अक्षर बोलली नाही. नव्वदने आली. शंभर दाखवायला लागली तेव्हा मीच पाय काढला. कारण उघड आहे. शेळीने सगळी नजर अंगावर घेतली. मुकं जनावर, पण केवढा त्याग. परतताना तिला पेंड देणार.

पावणेबारा. इंदापूरच्या पुढे शालनच्या एसटीला ओव्हरटेक केलं. पाटी वाचली, पुणे-उदगीर. हॉर्न वाजवला, हात बाहेर काढून हलवला. शालन खिडकीशी होती पण डोळे मिटून. झोप लागली असणार. हरकत नाही, स्टँडवर बघेल. एवढ्या वर्षांत मी इतका खूश झालो नव्हतो. पिकअपवाले गाडीकडे बघत होते.

साडेबारा. टेंभुर्णी. आज शनिवार. माळ बांधायचा दिवस, आणि गाडीचं नाक मोकळं. एवढी कृपा झाली असताना खंड पाडणं म्हणजे कृतघ्नपणा. चौकात थांबलो, ताज्या दोन माळा घेतल्या, एक नियमाची आणि एक आभाराची. चकतीवर छान बसवल्या. शेळीसाठी हात जोडले.

पाऊण. टेंभुर्णीतच. गाडी हलत नाही. बाई सारखी ओरडतेय. मी बॉनेटपाशी उभा असतानाच पुणे-उदगीर एसटी आली. या वेळी शालन जागी होती. तिने मला पाहिलं, माळा पाहिल्या. खिडकीतून हात वर केला आणि बोटाने काहीतरी खूण केली, दोरा तोडल्यासारखी. एसटी गेली.

आशीर्वाद दिला असेल.

संध्याकाळी. टेंभुर्णीतच लॉज. निष्कर्ष: एक शेळी पुरत नाही. जयसिंगची नजर दुसऱ्यांदा भरून आली आहे. रणजीतचा फोन आला. आई पोचली, लातूरलाच तिचा भाचा तिला घ्यायला आला होता. तुम्ही कुठाय? मी म्हणालो, वाटेत, विश्रांती घेतोय. अटीचं त्याने काढलं नाही. मीही नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी सात. आज काहीही करून पोचायचं. अकराला गूळतुला. मुंगीच्या चालीने चालवत राहिलं तर थांबत नाही हे माझ्या लक्षात आलंय. ही गोष्ट कोंडीरामलाही सुचली नसती.

नऊ. कुर्डुवाडीच्या रस्त्याला. कारखान्याला ऊस नेणाऱ्या बैलगाड्या पुढे जातायत. एका गाडीवानाने उतरून विचारलं, पावणं, ढकलू का? मी काच वर केली. बैल मात्र गाडीकडे बघत गेले. जातिवंत होते.

साडेदहा. टीव्ही बंद. बाई बंद. काचा बंद. दरवाजा उघडायला वेळ लागला. डिकी उघडत नाही, ती बटणावर आहे आणि बटण मेलंय. इंदुताईचा तांदूळ आत. पेट्रोल पंपावर ढकलत आणली. ढकलणारा तोच मघाचा गाडीवान. वर हसला नाही, याचं कौतुक वाटलं.

अकरा वाजून गेले. पंपावर खुर्ची दिली बसायला. शालनला फोन लावला. तिकडे सनई, पोरांचा गलका. शालन ओरडून बोलत होती, ऐकू येत नव्हतं म्हणून. म्हणाली, इंदुताई पारड्यात बसेना, आधी शालनला बसवा म्हणत होती. मग दोघी बसल्या. गूळ कमी पडला, शेजारच्या दुकानातनं ढेपी आणल्या. हे सांगताना ती एवढी हसली की पुढचं सांगता येईना. मागून इंदुताईही हसत होती. शालनचं असं हसणं मी कधी ऐकलं होतं, हे आठवत बसलो. आठवलं नाही. पंपावर उन्हाने डोकं चालत नाही.

मी नसल्यामुळे ती मनातून खट्टू असणार. लोकांत दाखवत नाही.

दुपारी रणजीतचा फोन. म्हणाला, दादा, गाडी तिथंच राहू द्या, किल्ली पंपवाल्याकडे द्या, मी आणि कोंडीराम येतो. तुम्ही एसटी पकडा. आवाजात राग नव्हता. राग असता तर काहीतरी बोलता आलं असतं.

पंपवाल्याकडे किल्ली दिली. त्याला सांगितलं, माळा काढू देऊ नका कुणाला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

एसटीने उदगीर. काल निघून बार्शीला मुक्काम केला, आज पोचलो. आधार कार्ड दाखवलं, कंडक्टरने मान हलवली, एवढंच. वाटलं होतं अपमान होईल. कुणी बघितलंसुद्धा नाही. ड्रायव्हरच्या काचेशी लिंबू-मिरची टांगलेली होती. बारकी, आतल्या बाजूला. गाडी स्टँड सोडून कुठेही थांबली नाही. एवढ्याशा लिंबाने एवढी मोठी गाडी कशी चालते, हे विचार करण्यासारखं आहे.

स्टँडवर शालन आली होती. नवं लुगडं. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “गाडी कुठं लावली?”

मी म्हणालो, सावलीत.

घरी इंदुताईने वाटीत गूळ दिला. गूळतुलेचा, जपून ठेवला होता म्हणे माझ्यासाठी. तांदळाबद्दल कुणी विचारलं नाही. शालनने आधीच सांगून ठेवलं असणार.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी रणजीतचा फोन. काल दुपारी ते पंपावर पोचले. टोचन करायला दोर बांधायचा तर माळा मध्ये येत होत्या, म्हणून कोंडीरामने त्या कापल्या. बॅटरीला करंट दिला. आणि गाडी सुरू झाली. टोचन लागलंच नाही. रणजीत चालवत आला, कोंडीराम मागे झोपला, कुरुळीपर्यंत एकदाही थांबली नाही. फक्त चाकणमध्ये, सगळे थांबतात तशी. वाटेत रणजीतने टीव्हीची भाषा बदलली. कशी ते विचारलं नाही. बाई आता इंग्रजीत बोलते. त्याने मुद्दाम नाकासमोर हात धरून बघितला तर तेच जुनं वाक्य ओरडली. त्याचा अर्थ, समोर अडथळा आहे. ती चकती गाडीचा डोळा आहे म्हणाला. तुम्ही तीन दिवस तिच्या डोळ्यावर लिंबू बांधून चालवलीत, दादा.

किल्ली त्याच्याकडे राहील. तांदळाचं पोतंही कुरुळीला परत गेलं.

मी दुपारभर विचार केला. रणजीत शिकलेला आहे पण वरवरचं बघतो. खरं कारण वेगळं आहे. मी उतरलो आणि गाडी चालायला लागली. म्हणजे नजर गाडीला नव्हतीच. मला होती. जयसिंग गाडीकडे बघून बोलला, पण लागलं मला, कारण मी आत बसलेलो. हे सुचल्यावर जीव हलका झाला. शालनला आणि इंदुताईला समजावून सांगितलं, आणि दृष्ट काढायला लावली. शालनने मीठ-मोहऱ्या आणल्या, मला पाटावर पूर्वेकडे तोंड करून बसवलं, उतरवल्या, विस्तवावर टाकल्या. तडतडल्या. इंदुताई पदर तोंडाशी धरून हसत होती.

शालन हसत नव्हती. मूठ झटकली, समोर बसली, आणि म्हणाली, “गाडीला लिंबू आडवं आलं, बरं. आन् इतकी वर्षं मला काय आडवं आलं हुतं?”

इंदुताई हसायची थांबली. उठून आत गेली.

मी जीपचं सांगणार होतो. मग गुडघ्याचं. दोन्ही तोंडापर्यंत आलं. शेवटी म्हणालो, विचार करून सांगतो.

ती म्हणाली, “सावकाश सांगा. मी संक्रांतीपर्यंत हितंच हाय.”

परत कशी येणार हे विचारायचं राहिलं. विचारायचं कारणही नाही म्हणा.

उद्या सकाळी सातची उदगीर-पुणे. मला तिकीट लागत नाही. शेजारची सीट रिकामी असली तर पिशवी ठेवीन.